रुमी मस्तकी आणि सातपुड्याचे आमचूर

काष्ठौषधी विकणाऱ्या एखाद्या जुन्या दुकानात तुम्ही कधी गेला असाल. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, पिंपळी अशा ओळीने मांडलेल्या बरण्या, आणि सगळ्यांचा मिळून येणारा तो उग्र वास. त्याच ओळीत कोपऱ्यात एखादी लहानशी बरणी असते. तिच्यात फिकट पिवळे, काचेच्या मण्यांसारखे खडे. दुकानदाराला विचारले तर तो सांगतो, ‘ही रुमी मस्तकी.’ हकीम आणि वैद्य पोटाच्या तक्रारीवर ती देत आले आहेत. खडा दाताखाली धरला की आधी फुटतो, जरा कडवट लागतो, मग मऊ होतो आणि राळेसारखा सुवास तोंडात दरवळतो.

मी अनेक वर्षे हे नाव ऐकत होतो; पण ही वस्तू येते कुठून, याचा विचार कधी केला नव्हता. ‘रुमी’ म्हणजे रूम देशाकडची. पश्चिमेकडील जुन्या ग्रीक आणि तुर्की मुलखाला अरबी-फारसी बोलणारे लोक रूम म्हणत. आणि ही मस्तकी येते ती एका ग्रीक बेटावरून. त्या बेटाचे नाव हिऑस. नकाशात ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधला एजियन समुद्र पाहा. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी खेटून, स्वच्छ दिवशी पलीकडचा काठ दिसावा इतक्या जवळ, हे बेट आहे. म्हणजे तिथल्या एका झुडपाचा डिंक समुद्र आणि वाळवंटे ओलांडून आपल्या बाजारपेठेतल्या बरणीपर्यंत पोचला, आणि आपण त्याला आपलेच औषध समजून चालत आलो!

तुम्ही म्हणाल, सर, आम्ही शेतकरी माणसे, गुरुजी माणसे. ग्रीसच्या बेटाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. तो पुढे सांगतो. आधी ते बेट थोडे पाहून घेऊ.

हिऑसला प्रवासी जातात ते तीन गोष्टींसाठी. पहिली गोष्ट पाणी. दक्षिणेला एम्पोरिऑस नावाच्या गावाजवळ काळ्या गोट्यांचा एक समुद्रकिनारा आहे. जुन्या ज्वालामुखीच्या दगडांचे लाटांनी घासून घासून गोटे झाले, आणि त्या काळ्या काठाला निळे पाणी लागते. दुसरी गोष्ट वारसा. बेटाच्या मध्यभागी डोंगरात अकराव्या शतकातला नेआ मोनी नावाचा मठ आहे. त्यातील सोनेरी चित्रांच्या भिंती पाहायला जगभरातून लोक येतात. १९९० साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. दक्षिण भागात पिर्गी आणि मेस्ता ही जुनी गावे आहेत. चौदाव्या शतकापासून दोनशे वर्षे तिथे इटलीतील जिनोआच्या व्यापाऱ्यांचा अंमल होता. समुद्रावरून चाचे येत, म्हणून गावे किल्ल्यासारखी बांधली. कडेच्या घरांच्या पाठी एकमेकींना जोडून तीच गावाची तटबंदी केली. आत अरुंद, वरून झाकलेल्या गल्ल्या, आणि मधोमध बुरूज. पिर्गीतल्या घरांच्या भिंती तर काळ्या-पांढऱ्या त्रिकोण-चौकोनांच्या नक्षीने भरलेल्या आहेत. आपल्याकडे बाया अंगणात रांगोळी काढतात, तशी ती रांगोळी भिंतीवर चढली आहे असे समजा.

आणि तिसरी गोष्ट ही मस्तकी.

मस्तकीची झुडपे भूमध्य समुद्राभोवती पुष्कळ ठिकाणी उगवतात. पण असे राळेचे पीक निघते ते या बेटाच्या दक्षिण भागातच. काम कसे चालते ते ऐकण्यासारखे आहे. उन्हाळ्यात झुडपाखालची जमीन झाडून साफ करतात, तिच्यावर चुनखडीची पांढरी पूड पसरतात. मग बारीक हत्याराने खोडाच्या सालीला लहान लहान छेद देतात. छेदातून राळ पाझरते, थेंबाथेंबाने खाली पडते आणि पुडीवर सुकत जाते. ग्रीक लोक त्या थेंबांना अश्रू म्हणतात. ते वेचायचे, धुवायचे, आणि हिवाळ्यात घरोघरी बायका बसून एकेका खड्याला चिकटलेली माती-कचरा सुरीच्या टोकाने काढतात. ही सफाई हाताने आणि डोळ्यांनीच होते.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठ खुडत बसलेल्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मस्तकीला शेकडो वर्षे मागणी होती, तरी झाड ज्याचे त्याच्या हाती फारसे काही पडत नसे. प्रत्येक घर आपला थोडाथोडा माल घेऊन व्यापाऱ्यापुढे उभे राही, आणि भाव व्यापारी सांगे तो. शेवटी १९३८ साली कायद्याने मस्तकी पिकवणाऱ्या गावांच्या सहकारी संस्थांचा एक संघ झाला. मस्तकी विकायची ती संघामार्फत, असा नियम झाला. माल एकत्र आला, प्रतवारी झाली, भावाची बोलणी एका तोंडाने होऊ लागली. पुढे १९९७ साली युरोपात या मालाच्या नावाला संरक्षण मिळाले. दुसऱ्या कोणी आपल्या मालाला हिऑसची मस्तकी म्हणू शकत नाही. २०१४ साली तर मस्तकी काढण्याची ही परंपरागत विद्याच युनेस्कोने मानवाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

म्हणून आज प्रवासी त्या बेटावर जातो तेव्हा त्याच्या पैशाला जायला एक वाट असते. तो समुद्रात डुंबतो, मठ पाहतो, आणि येताना मस्तकीची पुडी घेतो. त्या पुडीचा काही भाग तरी ज्याने छेद दिला, जिने खडा साफ केला, तिच्या घरी जातो. सगळे गोडच आहे असे नाही. २०१२ च्या ऑगस्टात दक्षिण हिऑसमध्ये वणवा पेटला आणि मस्तकीची पुष्कळ झाडे जळाली. नवे झाड चांगली राळ देऊ लागायला वर्षे जातात. एका झाडावर जगणाऱ्या गावांना झाड गेले की काय होते, हे त्या वर्षी त्यांना कळले. पण संघ होता, म्हणून ती गावे एकेकटी पडली नाहीत.

माझे म्हणणे असे नाही की तुम्ही हिऑसला जा. माझे म्हणणे एवढेच की पाणी, वारसा आणि माल अशी ही तीन मापे घेऊन आपला नंदुरबार जिल्हा एकदा पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा हा आपला जिल्हा. राज्याच्या टोकाला पडलेला, मागासलेला, एवढेच आपण त्याच्याबद्दल ऐकत आलो. आता या तीन मापांनी मोजू.

पहिले माप पाण्याचे. आपल्याला समुद्र नाही, पण दोन मोठ्या नद्या आहेत, आणि दोन्ही पश्चिमेकडे वाहणाऱ्या. मधून तापी, उत्तरेच्या सीमेवर नर्मदा. नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना तापीचा पूल ओलांडला की प्रकाशा लागते. तिथे गोमाई तापीला मिळते. घाटावर केदारेश्वराचे मंदिर, संगमावर संगमेश्वर. लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. काशीला जाऊन आलेला माणूस प्रकाशाला आल्याशिवाय त्याची यात्रा पुरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. वरच्या अंगाला सारंगखेडा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. ज्याला घोड्यातले काही कळत नाही तोही तिथे दोन तास रमतो. दोन्ही ठिकाणी आता तापीवर बंधारे झाले आहेत, पाणी खोल असते. तेव्हा मुलांना घेऊन जाल तर घाटावरून पाणी पाहावे, अनोळखी डोहात उतरू देऊ नये.

मग वर सातपुड्यात तोरणमाळ. शहाद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, वळणावळणाचा घाट चढून गेले की समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर एकदम सपाट माळ लागतो आणि त्यावर यशवंत तलाव दिसतो. पुढे सीताखाईचा खोल कडा. पावसाळ्यात तिथून धबधबा कोसळतो. गोरखनाथाचे स्थान आहे, महाशिवरात्रीला आसपासच्या डोंगरांतून माणसे पायी येतात.

आणि नर्मदा. तिच्याबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे. सरदार सरोवराच्या पाण्याने आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. त्यांत मणिबेली पहिले. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे बांधले. २०१९ च्या सप्टेंबरात धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला भरले. त्या पाण्यात आज टेकड्यांची माथी बेटांसारखी वर राहिलेली दिसतात. संध्याकाळी नावेतून पाहिले तर दृश्य फार सुंदर दिसते. पण नावेत बसणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की ज्या पाण्यावरून आपण चाललो आहोत त्याच्या तळाशी कुणाचे तरी शेत आहे, चूल आहे, पूर्वजांचे दगड आहेत. हिऑसला बेट निसर्गाने दिले. आपल्याकडची ही बेटे माणसांनी गावे सोडल्यावर झाली. तिथे जावे, जरूर जावे. पण वाटाड्याला आधी विचारावे, ‘दादा, तुमचे गाव कुठे होते?’

दुसरे माप वारशाचे. प्रकाशाचे नाव देवळांसाठी घेतले जाते, पण त्या गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडाने त्याहून जुनी गोष्ट सांगितली आहे. १९५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. थरावर थर असे चार कालखंड निघाले. सर्वांत खालच्या थरात तांबे आणि दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्यांची रंगवलेली मडकी सापडली. वर लोखंड वापरणाऱ्यांचे थर, त्याच्याही वर इतिहासकाळाचे. आज तापीकाठी नांगरणारा शेतकरी हा अशा शेतकऱ्यांचा वारस आहे, ज्यांनी या काळ्या मातीत साडेतीन हजार वर्षांमागे धान्य काढले. गुरुजी, मुलांना हे सांगा. इतिहास म्हणजे दिल्ली आणि रायगड एवढेच नव्हे. तो आपल्या पांढरीतही आहे.

आणि इथेच ग्रीक माणसाची आणि आपली पुन्हा गाठ पडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक दर्यावर्द्याने आपल्याकडच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला पेरिप्लस म्हणतात. नर्मदेच्या मुखाशी असलेल्या भरूचला तो बारिगाझा म्हणतो. मुखाशी भरती-ओहोटी फार जोराची, म्हणून राजाचे नावाडी पुढे येऊन परदेशी गलबते आत आणतात, असे तो सांगतो. पैठण आणि तेर इथून गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी माल भरूचला येतो, असेही त्याने लिहिले आहे. दख्खन आणि भरूच यांच्यामध्ये आहे काय? आपले खानदेश, आपली तापी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी गलबतात चढणारा माल आपल्या मुलखातून जात होता. जग आपल्यापासून दूर नव्हते. मालाच्या वाटेवर आपण होतोच.

वारसा जुनाच असतो असेही नाही. नंदुरबारच्या माणिक चौकात हुतात्म्यांचे स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे तिरंगा घेऊन मुले निघाली. पोलिसांनी गोळी झाडली. शिरीषकुमार मेहता हा सोळाव्या वर्षात असलेला मुलगा आणि त्याचे चार सोबती पडले. त्या चौकात उभे राहून नववीच्या मुलांना एवढेच सांगावे की हा तुमच्याच वयाचा होता. त्यापुढे शिक्षकाने काही बोलण्याची गरज नाही.

आणि एक वारसा चालताबोलता आहे. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी प्रसिद्ध आहे. ती पहाटे पेटते. रात्रभर ढोल आणि नाच चालतात. अंगावर पांढरे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला वाजणारे भोपळे आणि घुंगरे असे बुध्ये नाचतात. बघ्यांना तो तमाशा वाटतो, पण नाचणाऱ्याचे ते व्रत असते. होळीआधी दिवसचे दिवस तो खाटेवर झोपत नाही, संयमाने राहतो. देवळात आरती चालू असता आपण कुणाच्या तोंडापुढे दिवा धरून फोटो काढत नाही; तसेच इथेही वागावे. हिऑसच्या मठात शिरताना पाहुणा हळू बोलतो. काठीच्या होळीला तेवढाच मान हवा.

आता तिसरे माप, मालाचे. खरे मोजमाप इथेच आहे.

आपल्याकडे माल नाही असे कोण म्हणेल? ऑक्टोबरपासून पुढे नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते. लाली, फापडा, जरेला अशी तिची नावे. शहराबाहेर पथाऱ्या लाल होतात. दुरून पाहिले तर जमिनीला रंग दिल्यासारखे वाटते. तिथे अवकाळी पाऊस आला की एका रात्रीत लाखाचे मातेरे होते. नवापूरची तूर आहे. तिच्या डाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ‘नवापूरची तूरडाळ’ या नावाला कायद्याचे संरक्षण आले. रब्बीची पांढरी दादर ज्वारी आहे. तिची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ज्याने खाल्ला त्याला खानदेशची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. शहाद्याकडची केळी-पपई आहे. डोंगरात मोहाची फुले, चारोळी, भगर, मोर, सीताफळ.

आणि आमचूर आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांत रायवळ आंब्याची मोठमोठी झाडे आहेत. चैत्र-वैशाखात कैरी पाडतात. घरातली सगळी माणसे बसतात. म्हातारी सोलते, सून चिरते, पोरे फोडी उचलून खडकावर, अंगणात पसरतात. चार-पाच दिवस कडक ऊन लागले की फोड वाळते. मध्ये वळवाचा पाऊस आला तर ती काळी पडते आणि भाव उतरतो. पांढरे आमचूर चांगले, काळे हलके. पाटीभर कैऱ्यांचे वाळून उरते ते थोडेसेच. मग ते पोत्यात भरून धडगावच्या बाजाराला आणायचे.

माझ्या वर्गात त्या भागातला एक मुलगा होता. एकदा मी वर्गात सहकारी चळवळीवर बोलत होतो. दुसऱ्या दिवशी त्याने दोन पुड्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. एक घरून आणलेली, कागदात बांधलेली आमचुराची फोड. दुसरी शहरातल्या दुकानातून घेतलेली, रंगीत पाकिटातली आमचुराची पूड. तो म्हणाला, ‘सर, हे आईनं विकलं त्याचा भाव आणि या पाकिटावरचा भाव, दोन्ही मी लिहून आणलेत. मधली बेरीज कुठं गेली तेवढं सांगा.’ वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण मला चटकन उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी त्या प्रश्नाचा विचार करीत राहिलो. मधल्या बेरजेत काही खरे खर्च आहेत. वाहतूक आहे, दळण आहे, पाकीट आहे, दुकानदाराचे भाडे आहे. व्यापारी प्रत्येक वेळी लबाडच असतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरे नाही. मूळ अडचण ही की आई एकटी बाजारात उभी असते. तिच्याकडे एक पोते, समोर वजनकाटा दुसऱ्याचा. पावसाळा तोंडावर आला आहे, बियाणे घ्यायचे आहे, घरी पैसा नाही. त्यामुळे आज विकणे भाग आहे. आठ दिवस थांबण्याची ताकद जिच्याजवळ नाही, तिला भाव सांगता येत नाही. आणि पुरे पडले नाही की दिवाळीनंतर घरच्या घर गुजरातेत ऊसतोडीला जाते. शाळेच्या हजेरीपटावर नावे राहतात, बाकावर पोरे राहत नाहीत. शिक्षकबंधूंनो, पटावरच्या त्या गैरहजेरीचा आणि आमचुराच्या भावाचा संबंध आहे. तो आपण जोडून पाहत नाही, एवढेच.

हिऑसच्या गावांनी १९३८ साली केले ते एवढेच. थांबण्याची ताकद एकेकट्याजवळ नव्हती, ती त्यांनी मिळून आणली. आपल्याकडेही सहकाराची वाट नवी नाही. साखर कारखाने याच वाटेने उभे राहिले. डोंगरात बचतगट झाले आहेत. गावच्या दहा घरांनी आमचूर एके ठिकाणी आणले, पांढरे-काळे वेगळे केले, ओल नीट वाळवली, वजनकाटा आपला ठेवला, तर व्यापारीसुद्धा त्यांच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. त्याला स्वच्छ, एकसारखा माल एका जागी मिळतो, त्यातच त्याचाही फायदा आहे. इथे एक इशारा देऊन ठेवतो. मानांकनाचा कागद मिळाला म्हणजे भाव आपोआप मिळत नाही. नाव वाचवण्यासाठी मालही तसाच राखावा लागतो. एकाने ओले पोते भरले तर दहा जणांचे नाव जाते. मस्तकीचा खडा बायका सुरीने साफ करतात, त्याचे कारण हेच.

आणि झाड. आंब्याचे झाड तोडून लाकडाचे पैसे एकदाच येतात. कैरी दर साली येते. २०१२ च्या वणव्याने हिऑसला जे शिकवले ते आपण वणव्यावाचून शिकलेले बरे.

आता प्रवाशाने काय करावे? शहरातून तोरणमाळला येणारी मंडळी पुष्कळदा घरून डबा, पाणी, फरसाण सगळे घेऊन येतात, तलावाकाठी खातात, कागद तिथेच टाकतात आणि संध्याकाळी खाली उतरतात. त्यांच्या येण्याने डोंगराला मिळाले काय? कागद! त्यापेक्षा मुक्काम करावा. दादरची भाकरी, डाळ, ठेचा गावातल्या घरी सांगून करवून घ्यावा आणि पैसे द्यावेत. आमचूर, चारोळी, सीताफळ जे त्या ऋतूत असेल ते पिकवणाऱ्याच्या हातून घ्यावे. घासाघीस करावी, पण ती कुणाशी करतो आहोत हे पाहून करावी. मोठ्या दुकानात पाकिटावरची किंमत आपण मुकाट्याने देतो आणि रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी वाद घालतो, हे शोभत नाही.

शाळांसाठी तर ही सहल सोपी आहे. नंदुरबार हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन. बाहेरचे विद्यार्थीही येऊ शकतात. थंडीचे दिवस धरा. पहिल्या दिवशी सकाळी माणिक चौक, मग परवानगी घेऊन एखादी मिरचीची पथारी. तिथे मुलांच्या डोळ्यांना पाणी येईल, येऊ द्या. आपल्या भाजीतला तिखटपणा कुणाच्या डोळ्यांतून जातो ते कळेल. दुपारी प्रकाशाचा संगम आणि मुक्काम शहाद्याला. दुसऱ्या दिवशी तोरणमाळ. आणि परत आल्यावर निबंधाला ‘माझी सहल’ हा विषय देऊ नका. प्रत्येक मुलाला एक वस्तू द्या. कुणाला मिरची, कुणाला तूर, कुणाला आमचूर. ती कोण पिकवते, किती दिवस लागतात, कोण विकत घेते, कुठे जाते, हे विचारून लिहायला सांगा. आजीला विचारले तर ती गावच्या आंब्याच्या झाडांची नावेही सांगेल. शेंद्री, गोटी, खोबऱ्या; प्रत्येक झाडाला नाव असते, चव असते. ती नावे वहीत उतरली तर तोही एक वारसा जपला जाईल.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी आज असे उत्तर देईन. बाळ, मधली बेरीज वाटेत जाते, कारण वाट दुसऱ्याची आहे. गाड्या, काटा, पाकीट आणि त्यावरचे नाव, यांतले जेवढे आपल्या हाती येईल तेवढी बेरीज घरी येईल. हिऑसच्या एका लहानशा झुडपाचा डिंक आपल्या गावच्या बरणीपर्यंत स्वतःचे नाव घेऊन आला. आपले आमचूर मात्र देशभर जाते, भाजीत पडते, आणि खाणाऱ्याला ते सातपुड्याचे आहे हे ठाऊकही नसते. ते त्याला ठाऊक व्हावे, आणि ज्या खडकावर ती फोड वाळली तो खडक पाहायला त्याने एकदा यावे. तो आला तर त्याला पाणी दाखवू, पांढरीचे टेकाड दाखवू, आणि जाताना आईच्या हातची पुडी तिच्या भावाने विकत देऊ.